गावाला ओळखणारं दार

"अब्बा, आपल्या घराला आधी फरशी बसणार, की आधी फ्रिजला इंटरनेट?"

हा प्रश्न माझा नाही. प्राप्ती आणि हेमालीचा आहे. मधल्या सुट्टीत शाळेच्या कठड्यावर बसून त्या दोघींनी पैज लावली की लाइबा हे अब्बांच्या तोंडावर विचारूच शकणार नाही. विचारलं, तर महिनाभर माझं दप्तर त्या उचलणार. दहावीचं दप्तर काय असतं ते मी सांगायला नको. त्यात गुपचूप एखादा चिरा घातला तरी उचलणाऱ्याला फरक कळणार नाही. तेव्हा मी विचारलं. सकाळी, भाकरीच्या वेळी, सगळ्यांसमोर.

अम्मीचा हात तव्यावर थांबला. फुफीने ओठाला लावलेली चहाची बशी खाली घेतली. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, आमच्या शेजारीच राहते आणि चहाला आमच्याकडे असते. अब्बा फ्रिजच्या रिकाम्या खोक्यावर बसले होते. ते खोक्यासकट जरा खचले.

"दोन्ही बसणार, इन्शाअल्लाह," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पण तुला एवढी काळजी आहे ना, तर आजपासून घराच्या कामाची मॅनेजर तू."

झालं. मी गेले होते दप्तराच्या पैजेसाठी आणि परत आले पद घेऊन. वाचकहो, तुम्हाला सांगते, पद मिळाल्यावर माणसाची चालच बदलते. त्या दिवशी मी शाळेत गेले ती दप्तराशिवाय आणि मान वर करून. कुठलंही काम माझ्या हातात आलं की ते सरळ होतं, हे मला आधीपासून माहीत होतं. आता घरच्यांनाही कळणार होतं.

या कामात पणाला काय लागलं होतं ते आधी सांगून टाकते. अब्बा माझ्या जन्माच्या आधीपासून कुवेतला. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मेंटेनन्सला. नळ, एसी, लिफ्ट, दारं, जे बिघडेल ते दुरुस्त करायचं. दर दोन वर्षांनी सुट्टी. म्हणजे मला अब्बा मिळाले ते हप्त्याहप्त्याने: एकदा दात पडलेले असताना, एकदा कांजिण्या आलेल्या असताना, एकदा सातवीचा निकाल लागला तेव्हा. या खेपेला ते लांबची सुट्टी घेऊन आले आणि अम्मीशी त्यांचं ठरलं. आमचं घर बोर्ली पंचतनहून दिवेआगरला जाणाऱ्या रस्त्यावर, सुपारीच्या छोट्या वाडीत. पुढच्या पडवीकडच्या खोल्या नीट करून पर्यटकांना द्यायच्या. हिवाळ्यात त्या चालल्या तर अब्बा कुवेतला परत जाणार नाहीत. नाही चालल्या, तर सहा महिने भरायच्या आत जावंच लागणार, कारण नंतर व्हिसा आपोआप मरतो.

मला फोन नको होता, स्कूटी नको होती. मला अब्बा पाहिजे होते. सलग.

मी कामाला लागले. रामचंद्र मिस्त्री चिऱ्यांच्या राशीवर टेकून पान लावत होते. त्यांच्यासमोर उभी राहून मी म्हटलं, "मिस्त्री, आधी फरशी, मग पाण्याची टाकी, मग खिडकीची काच. कळलं?"

"माझं कायच म्हणणं न्हाय, मॅनेजर बाय," मिस्त्री म्हणाले. "सामान आणा, लगेच बसवतो. पन तुमचे वडील सामान म्हनून जे आनतायत, ते बसवायचं का त्याच्याशी बोलायचं, तेच मला समजंना."

त्यांचं खरं होतं. कारण त्याच दुपारी कुवेतहून कार्गो आला.

ज्यांच्या घरी कार्गो येतो त्यांनाच त्याची मजा माहीत. टेपने करकचून बांधलेली खोकी, वर मार्करने मोठ्या अक्षरात नाव, आणि उघडल्यावर येणारा तो परदेशी वास. एरवी आमच्या कार्गोत साबण, ब्लँकेटं आणि दुधाच्या पावडरचे डबे असायचे. या वेळी अब्बांनी पहिलं खोकं उघडलं आणि त्यातून निघाला पडदा. मोटरचा. रिमोटवर उघडणारा आणि मिटणारा.

"लाइबाचे अब्बा," अम्मी अगदी शांतपणे म्हणाली, "खिडकीला काच कुठाय?"

"काच काय गं, कधीही बसते."

पडदा लावून झाला. अब्बांनी रिमोट दाबला. जेवायला बसलेल्या मांजराने शेपटी हलवावी इतक्या हळू तो मखमली पडदा दोन्हीकडे सरकला, आणि मागे काय? चिऱ्यांतलं चौकोनी भोक, त्यापलीकडे फणस, आणि भोकातून आत बघणारी फुफीची शेळी. शेळीनेसुद्धा चघळायचं थांबवलं होतं.

मॅनेजर म्हणून इथे मी ठाम नकार द्यायला पाहिजे होता. तो माझ्या ओठांवर आलाही होता. पण तोंडातून बाहेर पडलं ते, "परत एकदा."

हाच माझा घात झाला. रोज मी घरातून ठरवून निघायचे की आज नाही म्हणजे नाही, आणि रोज माझं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. दुसऱ्या खोक्यातून आपोआप केर काढणारी चकती निघाली. फरशी नसल्यामुळे ती आमच्या मातीत फिरली, आणि आमच्या कोंबड्या तिच्यामागे रांगेने फिरल्या, जशी काही त्यांची हरवलेली आई सापडली. तिसऱ्यातून आरसा निघाला, ज्यात आपल्या तोंडाशेजारी हवामान दिसतं. तो कुवेतचंच हवामान दाखवायचा, काही केल्या बदलेना. पण फुफीला त्यातच समाधान. रोज सकाळी ती आरशासमोर ओढणी सारखी करायची आणि म्हणायची, "आज तिकडं लय उन हाय गो. बरा झाला मोहम्मद हितं हाय."

मोहम्मद म्हणजे अब्बा. त्यांना कुणी नावाने हाक मारली की ते एकदम लहान दिसतात.

आणि मग सगळ्यांत शेवटी आलं ते दार.

दार म्हणजे कुलूप हो, पण त्याला नुसतं कुलूप म्हणणं म्हणजे समुद्राला ओलं म्हणण्यासारखं आहे. काळं, चकचकीत, वर कॅमेऱ्याचा एक गोल डोळा. समोर उभं राहिलं की ते चेहरा बघतं. ओळखीचा असेल तर हिरवा दिवा लागतो, आतून एक बाई गोड आवाजात अरबीत म्हणते, "अहलन व सहलन," म्हणजे या, स्वागत आहे, आणि दार आपणहून उघडतं. अब्बांनी पाहुण्यांच्या खोलीचं चावीचं कुलूप काढून तिथे ते बसवलं. खोलीला फरशी नव्हती, भिंतीला गिलावा निम्माच होता, आणि दार मात्र राजवाड्याचं.

सगळ्यांत आधी अब्बांचा चेहरा. हिरवा दिवा. "अहलन व सहलन." अब्बा आत गेले. बाहेर आले. परत समोर उभे राहिले. "अहलन व सहलन." परत आत. जत्रेतल्या पाळण्यातून पोराला उतरवावं तसं शेवटी अम्मीला त्यांना जेवायला बोलवावं लागलं.

मग फुफीचा चेहरा. फुफीने तोंड धुतलं, सुरमा घातला, ओढणी नीट घेतली आणि दारासमोर अदबीने उभी राहिली. दार तिला "अहलन व सहलन" म्हणालं, तशी तिने दाराला वाकून सलाम केला.

"फुफी, ते मशीन आहे."

"आसल. पन जबान बघ कसली हाय. आपल्या मशिदीतले मौलवीसाब पन आसा बोलत न्हाय."

ही बातमी फुफीला कळली याचा अर्थ मोहल्ल्याला कळली. दुसऱ्या दिवशी अब्बा व्होल्टेजचं काहीतरी आणायला माणगावला गेले होते, आणि मी शाळेतून येते तर आमच्या पडवीत रांग. मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बायका, त्यांची पोरं, सुना, माहेरी आलेल्या मुली. मासळी विकणारी ठमी मावशी टोपली डोक्यावरून न उतरवता उभी. रामचंद्र मिस्त्री केसांना पाणी लावून. प्राप्ती आणि हेमाली, खांद्यावर माझं दप्तर. सगळ्यांना एकच पाहिजे होतं: दाराने आपल्याला ओळखावं.

आता दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे उपाशी कोंबडीलासुद्धा कुणी नाही म्हणत नाही. मी बटण दाबत गेले आणि दार चेहरे घेत गेलं. मी रांग लावली, म्हाताऱ्यांना पुढे घेतलं, रडणारी पोरं हसल्यावर घेतली. एवढं सुरळीत काम त्या घरात आधी झालं नव्हतं. ज्याचं नाव लागेल तो आत जायचा, त्या बिनफरशीच्या खोलीत एक चक्कर मारायचा आणि डोळे विस्फारून बाहेर यायचा. ठमी मावशी तर म्हणाली, "माज्या घोवानं लग्नात पन माज्याकडं आसा बघला नव्हता."

ठमी मावशीचा चेहरा घेतला आणि दार अचानक लांबलचक बोललं. नेहमीच्या दोन शब्दांऐवजी एक सबंध वाक्य, गंभीर सुरात, थांबून थांबून. मोहल्ल्यात सगळ्यांना अरबी वाचता येतं, पण समजत कुणालाच नाही. फुफीने ओढणी पुढे ओढली, डोळे मिटले आणि वाक्य संपल्यावर म्हणाली, "आमीन."

"आमीन," मोहल्ला म्हणाला.

सगळे भारावून घरी गेले. मीही.

नाताळच्या सुट्टीत दिवेआगर गच्च भरलं आणि पर्यटक आमच्या बोर्लीपर्यंत सांडले. एका दुपारी डोंबिवलीची गाडी आमच्या फाटकाशी थांबली. दीपेशकाका, त्यांची बायको अमिषाकाकी आणि दीपेशकाकांची आई, जिला पहिल्या मिनिटापासून आम्ही आजीच म्हणायला लागलो. आमचे पहिलेवहिले पाहुणे. तोवर मिस्त्रींनी फरशी कशीबशी बसवली होती. काच मात्र आली नव्हती. पण मॅनेजरकडे डोकं असतं. मी पडदा घट्ट मिटवला आणि रिमोट उशीखाली ठेवून दिला. पडद्यामागे काच नाही, हे कुणाला दिसणार होतं?

अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हे लोक खूश होऊन गेले की चार जणांना सांगणार, ते अजून चार जणांना, आणि कुवेतचं विमान अब्बांशिवाय उडणार.

"चावी?" दीपेशकाकांनी हात पुढे केला.

"चावी नाही," अब्बा म्हणाले. हे वाक्य म्हणायची वाट ते किती दिवस बघत होते देव जाणे. "तुमचा चेहरा हीच चावी."

काकांना दारासमोर उभं केलं. बटण दाबलं. आणि दार बोललं, तेच लांबलचक, गंभीर वाक्य. फुफी "आमीन" म्हणणार तेवढ्यात मला अब्बांचा चेहरा दिसला. तो आमच्या निम्म्या गिलाव्यासारखा झाला होता.

"काय म्हणतंय?" अम्मीने विचारलं.

"म्हणतंय, जागा संपली."

"कसली?"

"चेहऱ्यांची." अब्बा माझ्याकडे वळले. "लाइबा, तू कुणाकुणाचे चेहरे घेतलेस?"

"जे आले त्यांचे."

"आणि कोण कोण आलं?"

"जे होते ते."

फुफी पुढे आली. "मंग त्या दिशी आमी आमीन म्हटला, तो कशाला?"

"मेमरी फुल झाली म्हणून."

फुफीने थोडा विचार केला. "आसू दे. आमीन वाया जात न्हाय."

अब्बांनी पाहुण्यांना हसून सांगितलं की काही काळजी नको, घरात सदा कुणीतरी असतं, हाक मारा की दार उघडून देऊ. मग स्वतः दारासमोर उभे राहिले, दार उघडलं, पाहुणे आत गेले. अब्बा फोन माझ्या हातात देऊन घरामागे व्होल्टेज बघायला गेले, आणि मला वाटलं, वाचलो.

पण दार कोंकणातल्या माणसांना ओळखत होतं, आणि कोंकणातल्या माणसांना पाहुणे आलेले कळले होते.

पहिली गेली फुफी, वाफवलेल्या गोड सांदणांची ताटली घेऊन. आमच्याकडे पाहुण्याला विचारून कुणी खायला नेत नाही, नेऊन ठेवतं. दाराने तिला मोठ्या प्रेमाने आत घेतलं. आत अमिषाकाकी केस विंचरत होत्या. त्या दचकल्या, मग सांदण खाऊन सावरल्या. तोवर परत "अहलन व सहलन," आणि ठमी मावशी थेट पलंगापाशी.

"सुरमय ताजी हाय, भावजी. डोळं बघा तिचं."

भावजी टॉवेलवर होते. त्यांनी सुरमईचे डोळे बघितले नाहीत, पण सुरमईने त्यांना पुरतं बघितलं. ठमी मावशीच्या मागोमाग शेजारच्या दोन सुना नुसत्या बघायला. त्यांच्या मागोमाग त्यांची पोरं. आणि शेवटी, हातात टेप घेऊन, "तुमचं चालू द्या, मी फक्त माप घेतो," म्हणत रामचंद्र मिस्त्री. प्रत्येकाला ती बाई तेवढ्याच गोडव्याने म्हणत होती, "अहलन व सहलन." मी पडवीतून बघत होते. इतकं अगत्यशील मशीन जगात दुसरं नसेल.

दीपेशकाका घाईघाईने सदरा चढवत बाहेर आले. मागून अमिषाकाकी. मागून "काय झालं रे?" करत आजी. त्यांच्या मागून आमचा सगळा मोहल्ला, कारण पाहुणे बाहेर आले तर आत थांबायचं कशाला. आणि त्या सगळ्यांच्या मागे दार अलगद मिटलं.

आजी ओला टॉवेल विसरल्या म्हणून वळल्या. दारासमोर उभ्या राहिल्या. लाल दिवा. त्या बाईचा आवाज एकदम करडा झाला. दोन शब्द, पण पाटी फोडावी तसे.

"ही माझ्यावर ओरडली," आजी म्हणाल्या.

"आवाज जरा वाढवला, बाकी कायी न्हाय," फुफीने दाराची बाजू घेतली.

"हे बघा," दीपेशकाकांचा चेहरा लाल दिव्यासारखाच झाला होता, "खोली आम्ही घेतलीये. आणि हे दार सगळ्या गावाला ओळखतं, फक्त आम्हाला ओळखत नाही? आम्हाला नाही राहायचं इथे. आई, चल गाडीत बस." त्यांनी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. "गाडीची चावी आत राहिली."

म्हणजे त्यांना राहायचंही नव्हतं आणि जाताही येत नव्हतं. फुफीने पुढे होऊन दार उघडून दिलं असतं तर तिथेच विषय संपला असता. पण चावी हातात आली की गाडी निघणार, आणि गाडी निघाली की अब्बाही निघणार, एवढंच मला दिसत होतं. मी ओरडले, "कुणी दारासमोर जाऊ नका. मी आत्ता जागा करते."

फोनमध्ये दाराचं ॲप होतं. सगळ्यांचे चेहरे छोट्या छोट्या गोलांत मांडलेले, जसे पाटावर वाळत घातलेले सांडगे. एक चेहरा पुसला की पाहुण्यांना जागा. सोपं होतं. मी फक्त मोठ्याने विचारलं, "कुणाचा काढू?"

सगळे एकदम एक पाऊल मागे सरकले.

"माझा नको," मिस्त्री पटकन म्हणाले. "माझं अजून काम बाकी हाय. काच बसवायची हाय ना…" मी डोळे वटारले तसे ते गप्प झाले.

"माजा काडशील तर उद्यापासून बोंबील दुसऱ्या दारात," ठमी मावशी म्हणाली.

शेजारच्या सुनेने सासूचा काढायला सुचवलं. सासू मागेच उभी होती. तिथे एक वेगळंच प्रकरण पेटलं, ते आजही विझलेलं नाही. फुफीने डोळ्याला ओढणी लावली. "काड, बाय, माजाच काड. मी काय, आज हाय उद्या न्हाय. दारानं कशाला म्हातारीला ओळकायचा?"

आता तुम्हीच सांगा, कुणाचा काढणार? घाईत मी माझाच काढायचं ठरवलं. मॅनेजरने त्याग करायचा असतो. माझ्या गोलावर बोट ठेवलं, खाली अरबीत दोन बटणं आली, एक लाल आणि एक हिरवं. हिरवं म्हणजे होकार, जगात कुठेही. मी हिरवं दाबलं.

सगळे सांडगे एकदम नाहीसे झाले.

फुफी दारासमोर गेली. लाल. ठमी मावशी गेली. लाल. मिस्त्री, सुना, सासू, पोरं. लाल, लाल, लाल. त्या गोड बाईने एका दमात सगळ्या मोहल्ल्याशी संबंध तोडले. मी बटण दाबून बघितलं, पण ओळखीचा एकही चेहरा नसताना ते नवा घेईना. तेवढ्यात हात पुसत अब्बा आले. "काय झालं? सरका, मी उघडतो," म्हणाले आणि ऐटीत दारासमोर उभे राहिले.

लाल दिवा. तेच करडे दोन शब्द.

"अब्बा, काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, अनोळखी." अब्बा हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. दाराच्या काचेच्या डोळ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, जसा ते कुठल्याही बिघडलेल्या वस्तूवर फिरवतात. "हॉटेलात मी अशी कितीतरी दारं बसवली. प्रत्येक मजल्यावर. लोकांचे चेहरे भरून द्यायचे आणि मागच्या जिन्याने खाली उतरायचं. आमचा चेहरा भरायचा नसतो. मला वाटलं, एक तरी दार असं असावं, की मी समोर गेलो की ते म्हणेल, या."

मी अब्बांकडे बघत राहिले. एवढे दिवस मी त्या दाराकडे तोंड उघडं टाकून बघत होते, आणि बघण्यासारखा माणूस त्याच्यासमोर उभा होता.

तेवढ्यात अम्मी स्वयंपाकघराच्या दारातून आली, हाताला पीठ, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खिडकीतून जा ना."

"खिडकीतून?" दीपेशकाकांनी विचारलं.

अम्मी भिंतीकडेने चालत गेली, बाहेरून पिठाचा हात त्या चौकोनी भोकात घातला आणि मखमली पडदा बाजूला सारला. रिमोटशिवाय. आतला पलंग, बॅगा, टेबलावरची गाडीची चावी, सगळं लख्ख दिसायला लागलं.

"म्हणजे," अमिषाकाकी हळूच म्हणाल्या, "एवढं दार… आणि इथे काचच नाही?"

मॅनेजरला त्या क्षणी फणसावर चढून बसावंसं वाटलं. शेळी माझ्याकडेच बघत होती.

दीपेशकाका तोंड उघडणार तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. आजी हसत होत्या. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, मग पडवीच्या खांबाला टेकून. "सरका रे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी साडीचा पदर खोचला. "मी जाते."

"आई, तुझा गुडघा!"

"गुडघा माझा आहे, मी बघते."

मिस्त्रींनी चिरे रचून पायऱ्या केल्या. फुफीने मागून आधार दिला, ठमी मावशीने टोपली खाली ठेवून कंबर धरली. निम्म्या आजी आत गेल्या आणि निम्म्या बाहेर राहिल्या. "ढकला," आतून आवाज आला. बोर्ली आणि डोंबिवलीने मिळून ढकललं. धप्प. आणि आत केर काढणारी चकती जागी झाली. ती आजींच्या पायांकडे निघाली, तशा आमच्या कोंबड्या खिडकीतून उड्या मारून तिच्यामागे. पिसं, फडफड, आजींचं "शुक् शुक्," आणि मग खटका पडला. दार आतून उघडलं.

उंबऱ्यावर आजी उभ्या होत्या. केसांत कोंबडीचं पीस, हातात गाडीची चावी. सगळ्या मोहल्ल्याकडे बघून त्या म्हणाल्या, "या, या. आत या सगळे."

गाडी गेली नाही. आजींनीच सांगितलं की त्या आता कुठेही जाणार नाहीत. पाहुण्यांना आम्ही घरातल्या आमच्या खोलीत जागा दिली. तिला मागच्या अंगणात उघडणारं साधं लाकडी दार आहे, ते दिवसा कधी लावलेलंच मला आठवत नाही. सगळे मागच्या पडवीत जेवायला बसले. सुरमई ठमी मावशीचीच होती. तिचे डोळे खरंच ताजे होते.

जेवताना दीपेशकाका मोकळे झाले. "खरं सांगू का," ते म्हणाले, "गेल्या वर्षी आम्ही दिवेआगरला एका रिसॉर्टात होतो. तिथला सेन्सरचा नळ बंदच होईना. मॅनेजर म्हणे पुण्याहून माणूस येईल. आम्ही निघालो तरी नळ वाहतच होता."

"सेन्सरच्या डोळ्यावर क्षार बसले असतील," अब्बा काटा काढता काढता म्हणाले. "ओल्या फडक्याने पुसला असता तरी थांबला असता."

ते एवढंच बोलले आणि भाताकडे वळले. पण माझा घास हातातच राहिला.

पाहुणे दुसऱ्या दिवशी आनंदाने गेले. आजींनी अम्मीच्या हातावर पैसे ठेवले आणि माझ्या डोक्यावर हात. पण काचेशिवायची एक खोली म्हणजे हंगाम नव्हे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कार्गोतल्या खोक्यांनी टाकीचे पैसेही खाल्ले होते आणि दुसऱ्या खोलीचेही. संध्याकाळी अब्बा पडवीत फोन घेऊन बसले. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"कंपनीला कळवतो," ते अम्मीला म्हणाले. "एक करार अजून. खोल्या पुऱ्या करण्यापुरता."

अम्मी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मागचा करारपण एवढ्यापुरताच होता."

दुसऱ्या दिवशी मी प्राप्ती आणि हेमालीला घेऊन दिवेआगरला गेले. दिसेल त्या रिसॉर्टात शिरलो आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे काय काय बंद पडलंय? वाचकहो, त्या लोकांनी आमचे हातच धरले. एका ठिकाणी पडदा अर्धा उघडून हट्टाला पेटला होता. एका ठिकाणी दिवे टाळी वाजवल्यावर लागायचे, पण पाहुणे भजनाला बसले की खोली लुकलुकायला लागायची. आणि एका ठिकाणी मालिश करणारी खुर्ची बसलेल्या माणसाला सोडतच नव्हती; आम्ही गेलो तेव्हाही एक गृहस्थ तिच्यात होते आणि तिथेच त्यांना चहा दिला जात होता. सगळ्यांचं म्हणणं एकच: पुण्याहून माणूस येत नाही. मी म्हटलं, बोर्लीहून येईल. अख्ख्या किनाऱ्यावर अब्बांसारखी किती माणसं विकत घ्यायच्या आधी विचार करत नाहीत, हे बघून मी थक्क झाले, आणि मनापासून त्यांचे आभार मानले.

घरी पोचले तेव्हा अब्बा आणि अम्मी दोघंही पडवीत होते. मी दम खाल्ला नाही. खुर्चीतले गृहस्थ, पडदा, दिवे, सगळं सांगून टाकलं. अब्बा ऐकत राहिले. खुर्चीचं ऐकल्यावर ते नकळत म्हणाले, "आतला रिले अडकला असणार," आणि त्यांचा हात आपोआप पान्याकडे गेला. तो हात बघितला आणि मी सरळ उभी राहिले.

"अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. अब्बा कुवेतला जाणार नाहीत. मॅनेजर म्हणून मी त्यांना इथे नोकरी लावली आहे. उद्या सकाळी दिवेआगरला ड्यूटी, आधी खुर्चीतल्या माणसाला सोडवायचं. राहणं-खाणं अम्मीकडून. घरात नवीन मशीन आणलं तर पगार कापणार. आणि पासपोर्ट आत्ताच अम्मीकडे जमा करा, तिकडे कंपनी स्वतःकडे ठेवून घेते तसा ती पिठाच्या डब्यात ठेवेल. सुट्टीचा अर्ज दोन वर्षांनी करता येईल. तो मंजूर होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."